बीपीटीनंतर पुढे काय? अमेरिकेतलं अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग की इथलंच स्पोर्ट्स फिजिओ?

मैदानवेडी

नमस्कार मंडळी. माझी बीपीटीची (फिजिओथेरपीच्या पदवीची) इंटर्नशिप संपायला दोन महिने उरलेत. गाव सांगली जिल्ह्यात. शाळेपासून कबड्डी खेळले, जिल्ह्यापर्यंत गेले. बारावीच्या वर्षी चढाईत पाय पकडला गेला, अंग फिरलं आणि गुडघा फिरला नाही. मैदानाबाहेर आल्यावर एकाने तेलाने चोळलं, दुसऱ्याने पाय ओढून "बसवला", वर घट्ट कापड बांधलं आणि मी उत्तरार्धात परत उतरले. नंतर ऑपरेशन करणाऱ्या सरांनी सांगितलं, लिगामेंट आधीच गेलं होतं, पण मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या गादीचा) एवढा चोथा बहुतेक त्या उत्तरार्धात झाला. तेव्हा कडेला एक जरी जाणता माणूस असता तर "खाली बस, आज खेळायचं नाही" एवढंच म्हणाला असता. मला तो माणूस व्हायचंय.

ओपीडीत दिवसभर खांदे, कंबर, पॅरालिसिसचे पेशंट. कामाबद्दल मनापासून आदर आहे, पण मन मैदानावर आहे. एका सीनियरने अमेरिकेतल्या मास्टर्स इन अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगबद्दल सांगितलं. घरी बोलले तर बाबा म्हणाले, "जिम ट्रेनर व्हायला इतक्या लांब कशाला?" मलाही त्यांना नीट समजावता आलं नाही. इथे एमपीटी स्पोर्ट्स (खेळाडूंच्या फिजिओथेरपीतलं मास्टर्स) करावं की तिकडे जावं? या कामात असलेल्या कुणी सविस्तर लिहिलं तर उपकार होतील.

---

ओहायोकर

मूळचा कोल्हापूरचा. बीपीटी करून इकडे आलो, मास्टर्स केलं, गेली ११ वर्षं ओहायोतल्या एका मध्यम आकाराच्या कॉलेजात अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. लांबलचक लिहितोय, सावकाश वाच.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. नावात ट्रेनर असलं तरी व्यायाम करून घेणं हे यांचं काम नाही. आपल्याकडे क्रिकेट संघात ट्रेनर म्हणजे ताकद-दमसास वाढवणारा माणूस, म्हणून गोंधळ होतो. इकडे हा आरोग्यसेवेतला वेगळा पेशा आहे. राष्ट्रीय संघटना १९५० साली कॅन्सस सिटीत सुरू झाली, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या पेशाला मान्यता दिली. जवळजवळ सगळ्या राज्यांत परवाना लागतो, डॉक्टरच्या मार्गदर्शनाखाली काम चालतं. दुखापत होऊ नये म्हणून आधी काय करायचं, झाली तर ओळखायची कशी, जीव धोक्यात असेल तर पहिल्या मिनिटांत काय, मग पुनर्वसन, आणि शेवटी "आता खेळ" म्हणायचं की नाही, हा सगळा प्रवास एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर होतो. फिजिओकडे खेळाडू साधारण चौथ्या टप्प्यावर येतो. आपण पहिल्यापासून तिथे असतो.

पूर्वी हे बॅचलर्सने होत असे. २०१५ मध्ये ठरलं की पेशात शिरायची पदवी मास्टर्सच असेल, आणि २०२२ नंतर जुन्या बॅचलर्स अभ्यासक्रमांत नवे प्रवेश बंद झाले. म्हणजे आता तुला दोन वर्षांचं मास्टर्स, तेही 'केट' या संस्थेची मान्यता असलेलं, आणि त्यानंतर बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची परीक्षा. बीपीटीच्या जोरावर थेट त्या परीक्षेला बसता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. प्रवेशाला जीव, रसायन, भौतिक, मानसशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया हे विषय पदवीच्या पातळीवर लागतात. बीपीटीत बरेचसे होतात, पण रसायनशास्त्र बारावीतच सुटलेलं असतं. माझा एक सेमिस्टर त्यातच गेला.

आता शिक्षण कसं असतं. वर्ग सकाळी, दुपारी मैदान. प्रीसेप्टर म्हणजे परवानाधारक ट्रेनर, त्याच्या हाताखाली एखाद्या शाळेत, कॉलेजात, क्लिनिकमध्ये. किमान चार आठवडे सलग पूर्णवेळ मैदानावर काढायचे, वर्ग बंद, ही सक्तीची अट आहे. मी ते ऑगस्टमध्ये फुटबॉलच्या सराव शिबिरात काढले. (इकडचं फुटबॉल, हेल्मेटवालं.) पहाटे साडेपाचला पाण्याच्या टाक्या भरायच्या, आर्द्रतेसकट उष्णता मोजायची, घोटे बांधायचे. पहिल्या आठवड्यात मी दोनशेवर घोटे बांधले असतील. आणि सराव सुरू व्हायच्या आधी बर्फाच्या पाण्याचा मोठा टब भरून सावलीत ठेवायचा. मला वाटायचं, हा टब रोज कशाला? रोज भरायचा, रोज ओतून द्यायचा.

नवव्या दिवशी एक धिप्पाड पोरगा भलत्याच दिशेने चालायला लागला. नाव विचारलं तर शिवी दिली. अंग घामाने चिंब, म्हणून मला उष्माघात वाटेना, पुस्तकात कोरडी त्वचा वाचलेली. प्रीसेप्टर बाईंनी गुदद्वारातून तापमान घेतलं, ४१.६. कपाळावरचा, काखेतला थर्मामीटर अशा वेळी फसवतो, खरं तापमान तिथेच कळतं. दोन मिनिटांत पोरगा टबात, काखेखालून चादर घालून धरलेला, एकजण पाणी ढवळतोय. अँब्युलन्स आली तर बाईंनी थांबवलं. आधी गार करायचं, मग न्यायचं, हा नियम अँब्युलन्सवाल्यांबरोबर हंगामाआधीच लिहून ठरलेला होता. १४ मिनिटांनी ३८.९ ला बाहेर काढलं, मग दवाखाना. पोरगा तिसऱ्या दिवशी हसत मैदानावर आला, बघायला.

२००१ मध्ये मिनेसोटाचा कोरी स्ट्रिंगर हा व्यावसायिक खेळाडू याच आजाराने गेला, वय २७. त्याच्या नावाची संस्था आज कनेक्टिकट विद्यापीठात याच विषयावर काम करते. अर्ध्या तासाच्या आत गार केलं तर या आजारातून जवळजवळ प्रत्येकजण वाचतो. म्हणून तो टब रोज भरायचा. मला या पेशाचं मर्म त्या टबात कळलं. तू कुठेही शिक, पण असं शिक्षण घे जे तुला रोज टब भरायला लावेल.

---

नाशिकचे_बाबा

माझ्या मुलीनेही हाच विचार केला होता म्हणून बापाच्या बाजूने लिहितो. आम्ही दोन कॉलेजांचा हिशोब मांडला. फी, राहणं, विमा, उन्हाळी सत्र धरून आकडा ५० लाखांच्या पुढे गेला. घर तारण ठेवायची वेळ आली असती. ओहायोकर, आपण लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, पण पगाराचं आणि व्हिसाचंही खरं सांगा. आणि ती परत आली तर इथे त्या पदवीचं काय? इथल्या जाहिरातींत फिजिओथेरपिस्ट मागतात, अ‍ॅथलेटिक ट्रेनर अशी जागा मला कुठे दिसली नाही.

---

ओहायोकर

काका, रास्त प्रश्न आहे. इकडे या पेशाचं मधलं वार्षिक वेतन ६० हजार डॉलरच्या आसपास आहे. फिजिकल थेरपिस्टचं लाखाच्या आसपास. तासही वाईट, शनिवार-रविवार सामने, हंगामात घर दिसत नाही. माझ्या बरोबरीचे निम्मे लोक पाच-सहा वर्षांत क्लिनिककडे, कारखान्यांकडे किंवा लष्कराकडे वळले. तिथे पगार आणि वेळ दोन्ही बरं.

शिकून झाल्यावर एक वर्ष काम करता येतं, त्यापुढे एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा. कंपन्यांना आणि बऱ्याच शाळांना लॉटरीत उतरावं लागतं, विद्यापीठं त्या लॉटरीबाहेर असतात. म्हणून परदेशी पोरांनी पहिली नोकरी कॉलेजात शोधावी, मीही तेच केलं. नियम सारखे बदलतात, तेव्हा अर्ज करताना त्या त्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारायचं. पूर्वी मास्टर्सला असिस्टंटशिप (कॉलेजातच काम) मिळून फी माफ व्हायची, ती वाट आता अरुंद झालीय, कारण आता मास्टर्स हीच पहिली पदवी आहे आणि क्लिनिकलचे तास भरल्यावर दुसरं काम करायला वेळच उरत नाही.

कर्ज काढून, घर तारण ठेवून ये, असं मी कुणाच्याही पोरीला सांगणार नाही.

---

स्वारगेटची_सई

मैदानवेडी, मी पुण्यात. एमपीटी स्पोर्ट्स करून नऊ वर्षं झाली, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्स आणि शाळेतली पोरं बघते. तुझ्या गुडघ्याची गोष्ट वाचून जीव कळवळला. मी अशा गोष्टी दर हंगामात ऐकते.

इथल्या दोन वर्षांचं खरं चित्र सांगते. एमपीटीत प्रबंध, सेमिनार, ओपीडी. मैदान किती मिळणार हे पूर्णपणे तुझ्या विभागावर आणि गाईडवर अवलंबून. माझ्या कॉलेजात स्पोर्ट्स पोस्टिंग कागदावर होती, प्रत्यक्षात आम्ही गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पेशंट बघायचो. मी रविवारी बस पकडून बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जायचे, स्पर्धा असेल तिथे आयोजकांना विचारून कडेला उभी राहायचे. पहिले सहा महिने फक्त बर्फ दिला आणि घोटे बांधले. मैदान तिथे शिकले. काही ठिकाणी परिस्थिती चांगली आहे. अमृतसरचं गुरु नानक देव विद्यापीठ, दिल्लीचं जामिया, मणिपाल, इथे स्पोर्ट्सची परंपरा आहे. प्रवेश घेण्याआधी शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना फोन कर आणि एकच विचार, "गेल्या तीन महिन्यांत तू किती सामन्यांना उभी होतीस?" उत्तर द्यायला जी अडखळेल तिथे जाऊ नकोस.

ओहायोकर दादा, एका गोष्टीवर मात्र मी असहमत आहे. मैदानावरचे पहिले दहा मिनिटं मोलाचे, मान्य. पण एसीएलच्या (गुडघ्यातल्या लिगामेंटच्या) ऑपरेशननंतरचे नऊ महिने? तिथे फिजिओच लागतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरी पाचव्या महिन्यात कोचच्या दबावाने मॅटवर उतरतात आणि दुसरा गुडघा घालवतात. दोन्ही पायांची ताकद मोजून, उडीच्या चाचण्या घेऊन, मनातली भीती ओळखून "अजून नाही" म्हणायला खोल शिक्षण लागतं, आणि आपल्या बीपीटी-एमपीटीत ते आहे.

---

ओहायोकर

सई, पटलं. मीच इकडे अवघड पुनर्वसन फिजिकल थेरपिस्टकडे पाठवतो. पण तुझ्या एमपीटीत मानेची दुखापत असलेल्याला मैदानावरून हलवायचा सराव किती वेळा झाला? एईडी (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र) किती वेळा हातात घेतला?

---

स्वारगेटची_सई

वर्गात एकदा, पुतळ्यावर. एईडी मी पहिल्यांदा पाहिला तो विमानतळावर भिंतीला. म्हणून नंतर स्वतःच्या पैशाने जीवरक्षणाचे कोर्स केले, दर दोन वर्षांनी परत करते. ही आपल्याकडची मोठी उणीव आहे, लपवण्यात अर्थ नाही.

---

डॉ_मनगट

हाडांचा डॉक्टर आहे, थोडक्यात लिहितो. कुणी एमबीबीएसवाले हा धागा वाचत असतील तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत क्रीडावैद्यकाचा पदविका अभ्यासक्रम आहे, तो जरूर बघा. अमेरिकेत डॉक्टरांसाठी वाट वेगळी. फॅमिली मेडिसिन, बालरोग, इमर्जन्सी अशा एखाद्या विषयात रेसिडेन्सी आणि वर एक वर्षाची स्पोर्ट्स मेडिसिन फेलोशिप.

एईडीचा विषय निघाला म्हणून. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत डमार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू टक्कर झाल्यावर उठला आणि कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या माराने हृदयाची लय बिघडली होती. संघाचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तिथेच छाती दाबायला सुरुवात केली, मैदानावरच शॉक दिला गेला. तो माणूस त्याच वर्षी परत खेळला. हे अमेरिकेत, अशा प्रशिक्षणात वाढलेल्या माणसामुळे झालं. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत छातीत गुडघा बसला तर काय होईल, हा विचार मला झोपू देत नाही.

---

गंगावेस

मी फिजिओ नाही. लहानपणापासून तालमीत, आता पोरांना शिकवतो. ओहायोकर कोल्हापूरचे म्हणून विचारतो. आमची पोरं स्पर्धेआधी वजन उतरवायला दोन-दोन दिवस पाणी सोडतात, स्वेटर घालून पळतात. आम्हीही तेच केलं. २०२४ ला पॅरिसला विनेश फोगाटचं १०० ग्रॅमवरून अंतिम सामन्यातून बाद होणं बघितलं तेव्हापासून मनात आहे. तुमच्या शिक्षणात याचं काही शिकवतात का?

---

ओहायोकर

वस्ताद, नमस्कार. हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं फार वाटत होतं.

इकडे १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, पाच आठवड्यांत तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना दगावले. प्लास्टिकचे कपडे, गरम खोली, सायकल, पाणी बंद. त्यानंतर नियम पार बदलले. आता हंगामाच्या सुरुवातीला आम्ही प्रत्येक पैलवानाची लघवी तपासतो, तिची घनता १.०२० च्या वर असेल तर शरीरात पाणी कमी आहे, त्या दिवशी वजन घेतच नाही. मग अंगातली चरबी मोजतो. पाच टक्क्यांच्या खाली जाईल असा वजनगट त्याला मिळत नाही, आणि आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवता येत नाही. रबरी सूट, सौना बंद. हे सगळं मोजण्याचं आणि सही करण्याचं काम आमच्याकडे येतं. माझी सही असल्याशिवाय पोरगा त्या गटात उतरत नाही, कोच कितीही मोठा असो.

लघवीची घनता मोजायचं छोटं भिंगाचं उपकरण भारतात सहज मिळतं. तालमीत एक घेऊन ठेवा. ते नसेल तर रोज सकाळी लघवीचा रंग बघायला आणि वजन वहीत लिहायला तरी लावा. गजकर्णाचे डाग असलेल्या पोराला मॅटवर घेऊ नका, एकाचं सगळ्यांना होतं.

---

गंगावेस

वही उद्यापासून सुरू करतो. मैदानवेडी, तुम्ही शिकून झालात की आमच्या तालमीत या. मानधन फार देता येणार नाही, पण पन्नास पोरं आहेत आणि सगळ्यांचं काही ना काही दुखतंय.

---

मैदानवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. टबाच्या गोष्टीनंतर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टर येईपर्यंतचा डॉक्टर." मला आठवडाभर जे सांगता आलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

माझा विचार आता असा आहे. कर्ज काढून लगेच जायचं नाही. एमपीटी स्पोर्ट्सला प्रयत्न करते, सईताईंचा प्रश्न सगळीकडे विचारून. जीवरक्षणाचा कोर्स याच महिन्यात. पुढे शिष्यवृत्ती जमली तर ओहायोकर दादांची वाट. हे चुकतंय का?

---

स्वारगेटची_सई

चुकत नाही. दोन गोष्टी जोड. फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेची नोंदणी इंटर्नशिप संपल्या संपल्या कर आणि कुठेही गेलीस तरी चालू ठेव, परत आल्यावर तीच उभी राहायला जमीन देते. दुसरं, उत्तेजकांचे नियम आत्तापासून वाच. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तो स्वतः जबाबदार धरला जातो, आणि देणारे आपणही कारवाईत सापडू शकतो. सर्दीच्या साध्या गोळीतलं स्यूडोएफेड्रीन ठरावीक प्रमाणावर गेलं तर स्पर्धेत बंद आहे. २०२२ पासून स्पर्धाकाळात स्टेरॉईडचं इंजेक्शन, अगदी गुडघ्यातलंसुद्धा, बंद आहे. तालुक्याला "एक इंजेक्शन मारा, फायनल आहे" म्हणणारे भेटतील. नाही म्हणायला शिक.

कमाईचंही सांगते. लीगचे करार हंगामापुरते, उरलेले महिने मी क्लिनिक चालवते. साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण), अकादम्या, लष्कराची क्रीडा संस्था इथे जागा निघतात, लक्ष ठेव. पहिली तीन वर्षं ओढाताण होईल हे घरी आधीच सांगून ठेव.

---

नाशिकचे_बाबा

पोरी, योग्य ठरवलंस. माझी मुलगी आता एमपीटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्यनि (खासगी निरोप) करतो, तिच्याशी बोल.

---

मैदानवेडी

तीन आठवड्यांनी लिहितेय. काल शेजारच्या गावात जत्रेची कबड्डी स्पर्धा होती, १६ संघ. आयोजकांना आधी भेटून विचारलं, त्यांनी मंडपाच्या कोपऱ्यात टेबल दिलं. बर्फ, टेप, क्रेप बँडेज, हातमोजे, मोडलेल्या हाडाला बांधायच्या फळ्या, सगळं घेऊन गेले. सकाळीच पंचांना सांगितलं की डोक्याला मार बसून कुणी गोंधळलेला दिसला तर सामना थांबवून मला बोलवायचं आणि त्याने त्या दिवशी परत उतरायचं नाही. त्यांनी मान डोलावली, पण मनापासून वाटलं नाही.

दुपारी एका कव्हरने (बचाव करणाऱ्या खेळाडूने) चढाईपटूला धडक दिली आणि दोघांची डोकी आपटली. धडक देणारा उठून उलट्या बाजूला जाऊन उभा राहिला. पंचांनी खरंच शिट्टी वाजवून मला हाक मारली. स्कोअर किती, समोर कुठला संघ, त्याला सांगता येईना. मी बसवलं. कर्णधार चिडला, गावचे लोक ओरडले, "चांगला चालतोय की!" माझे पाय थरथरत होते, पण मी हलले नाही. संध्याकाळपर्यंत त्याला दोनदा उलटी झाली, सांगलीला पाठवला, स्कॅन स्वच्छ आला. कर्णधाराने आज सकाळी फोन करून विचारलं की त्याला सरावाला कधी आणायचं. टप्प्याटप्प्याने कसं आणायचं, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस, ते लिहून पाठवलं.

एक चूक झाली. गाडी ठरवून ठेवली नव्हती. वीस मिनिटं गाडी शोधण्यात गेली. पुढच्या वेळी गाडी, ड्रायव्हरचा नंबर, जवळच्या दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून टेबलाला चिकटवणार आहे.

---

ओहायोकर

शाब्बास. कागदावर आणखी दोन गोष्टी लिही. मैदानाचं कुठलं फाटक गाडीसाठी उघडं राहील आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे. आमच्याकडे एकदा फाटकाला कुलूप होतं.